शेऱ्याचा रकाना

ऑलिंपिकमध्ये चौथं येणं ही तशी नशिबाने मारलेली चपराक, पण या गृहस्थाने ती गालावर इतकी वर्षं मिरवली होती की लोकांना तो दागिनाच वाटू लागला होता. त्याचं खरं नाव पासपोर्टवर होतं आणि तिथेच राहिलं होतं. सगळे त्याला ‘चौथा’ म्हणत. बायको रागावली की "अहो चौथे" म्हणायची, आणि खुशीत असली तरी तेच म्हणायची, त्यामुळे पुढचं वाक्य ऐकेपर्यंत त्याच्या जिवात जीव नसायचा. त्याच्या व्यायामशाळेच्या पाटीवरही ‘चौथा’ एवढंच लिहिलेलं होतं. तिसरा आला असता तर पाटीवर काय लिहिलं असतं, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

शिवाय भाषणं होती. कंपन्यांचे वार्षिक मेळावे, बँकांची शिबिरं, एकदा तर दंतवैद्यांचं संमेलन. माइक हातात घेऊन तो सुरुवात करायचा, "मी तुम्हाला हरण्याविषयी सांगायला आलोय. त्या विषयातला माझा अनुभव ऑलिंपिक दर्जाचा आहे." इथे पहिला हशा. मग तो गोष्ट सांगायचा. वजन उचलण्याची स्पर्धा, सत्त्याहत्तर किलोचा गट. चौथ्याचं सगळं वजन उचलून झालं होतं आणि तो तिसऱ्या जागेवर होता. शेवटी एक जाडजूड मानेचा गडी आला, त्याने चौथ्याच्या बेरजेइतकंच वजन गुडघे लटपटत कसंबसं डोक्यावर नेलं, आणि बरोबरी झाली. बरोबरी झाली की ज्याचं स्वतःचं शरीर हलकं तो वर, असा तेव्हाचा नियम. चौथा साठ ग्रॅमने भारी निघाला.

"साठ ग्रॅम," तो म्हणायचा, "म्हणजे साबणाची अर्धी वडी. आणि ते का? तर वजन करायच्या आधी आमच्या मास्तरांना माझी दया आली आणि त्यांनी मला अर्धा ग्लास पाणी पाजलं. लोकांचे गुरू शिष्यांना ज्ञान पाजतात, आमच्या गुरूंनी पाणी पाजलं." इथे सर्वात मोठा हशा. भाषण गावातच असलं की मास्तर पहिल्या रांगेत बसायचे आणि तेही हसायचे. नऊ वर्षांत या वाक्याने चौथ्याला एकदाही दगा दिला नव्हता.

आणि एका मंगळवारी पत्र आलं. जुने नमुने नव्या पद्धतीने तपासले असता त्या जाडजूड मानेच्या गड्याच्या नमुन्यात उत्तेजक द्रव्य सापडलं होतं. त्याचं पदक काढून घेतलं होतं. कांस्यपदक आता आपल्याला प्रदान करण्यात येईल, तरी अभिनंदन.

चौथा व्यायामशाळेच्या दारात पत्र धरून उभा राहिला. बायको आत वर्गणीची वही लिहीत होती. त्याचा चेहरा बघून तिने पेन खाली ठेवलं.

"काय झालं? कोण गेलं?"

"तिसरा गेला," तो म्हणाला.

तिने पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आणि बारच्या वजनी चकत्यांच्या ढिगावर बसून ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून त्याच्याकडे बघत म्हणाली, "अहो, पण तुम्ही असे तोंड पाडून का उभे आहात? पदक मिळालंय, नोटीस नाही आली."

तिला काय सांगणार? माणूस ऑलिंपिकचं पदक जिंकतो आणि त्याच्या मनात पहिला विचार येतो तो पाटी रंगवून घेण्याचा. दुसरा विचार आला भाषणाचा. तिसऱ्याचं भाषण कोण ऐकतं? तिसरे पैशाला पासरी मिळतात. तिसरा विचार मात्र त्याने पुरता येऊच दिला नाही, झटकून टाकला आणि बायकोला म्हणाला, "भूक लागली असेल." हे त्याचं नेहमीचं उत्तर होतं.

तो विचार शुक्रवारी महासंघाच्या कचेरीत समोर येऊन बसला. कचेरीतल्या बाई गेली वीस वर्षं खेळाडूंच्या कारकिर्दीचे तक्ते सांभाळत होत्या. कोण कुठे कितवा आला, किती वजन उचललं, कुठला विक्रम किती दिवस टिकला, सगळं त्यांच्या कपाटात होतं. त्यांनी चौथ्याचा तक्ता काढून टेबलावर पसरला. राष्ट्रीय स्पर्धा, पहिला. खंडीय स्पर्धा, दुसरा. मग ऑलिंपिक, चौथा. बाईंनी चाराच्या आकड्यावर पट्टी ठेवून लाल रेघ मारली, शेजारी तीन लिहिलं आणि समाधानाने फुंकर घातली.

"झालं. आता शेवटचा रकाना वाचून घ्या. बरोबर असेल तर खाली तुमची आणि तुमच्या प्रशिक्षकांची सही. हा तक्ता आता कायमचा बंद होणार, पुन्हा उघडायचा नाही."

शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. त्यात लिहिलं होतं: ‘प्रशिक्षकांनी शरीरवजन मोजण्यापूर्वी पाणी दिल्याने वजन वाढून पदक हुकले. माहिती: खेळाडू.’

"हे असंच राहणार?" चौथ्याने विचारलं.

"का? चूक आहे का?"

"नाही, म्हणजे... पदक तर आता मिळालंय ना."

"पदक मिळालं तरी तेव्हा हुकलं होतंच की," बाई म्हणाल्या. "क्रमांक आम्ही बदलतो. शेरा ज्याने सांगितला त्यानेच बदलायचा."

चौथा तक्ता पिशवीत घालून बाहेर पडला आणि जिन्यातच बसला. खरं काय ते जगात त्याला एकट्यालाच माहीत होतं, आणि ते इतकं फालतू होतं की त्याची लाजसुद्धा धड वाटायची नाही. चार दिवस उपाशीतापाशी काढल्यावर, मास्तरांनी स्वतःच्या काट्यावर त्याचं वजन करून अर्धा ग्लास पाणी दिल्यावर, अधिकृत वजनाला जायच्या आधी तो लघवीला म्हणून गेला होता. तिथे दाराला कडी घालून त्याने केळं खाल्लं. खिशात लपवून आणलेलं, एका बाजूने काळं पडलेलं केळं. देशाची मान उंचावायला गेलेला वीर संडासात उकिडवा बसून केळं खात होता, आणि आवाज होऊ नये म्हणून मध्येच साखळी ओढत होता.

तेव्हा बोलायचं त्याच्या मनात होतं, अगदी जिभेवर होतं. पण निकाल लागल्या लागल्या मास्तरच पत्रकारांपुढे म्हणाले, "चूक माझी. मी पाणी दिलं." एवढ्या मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, असा सोयीस्कर आदर चौथ्याच्या मनात दाटून आला आणि तो गप्प बसला. पुढे कुणीतरी भाषणाला बोलावलं. लोक हसले. मग काय, हसणाऱ्या लोकांपुढे खरं बोलायला फार मोठी छाती लागते, आणि चौथ्याची छाती फक्त मापाने मोठी होती.

मास्तरांनी त्याच वर्षी शिकवणं सोडलं होतं. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. चौथा वर्षातून दोनदा तिथे मिठाई घेऊन जायचा, उभ्या उभ्या विचारपूस करायचा आणि निघायचा. म्हातारपणी माणसाला काहीतरी विरंगुळा हवाच, असं तो स्वतःला सांगायचा.

शनिवारी सकाळी तो दुकानात गेला तेव्हा मास्तर डोळ्याला भिंग लावून एका काट्याच्या पोटात डोकावत होते. पत्राची बातमी त्यांना कळली होती. त्यांनी उठून चौथ्याला मिठी मारली आणि त्याच्या पाठीवर थोपटत राहिले. सत्तरीचा माणूस, पण थोपटणं अजून दणकट होतं.

"म्हणजे पाण्याने काही बिघडलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "तो लबाड होता म्हणून आपण हरलो. बरं वाटलं रे."

चौथ्याला वाटलं, चला, सुटलो. आता कशाला उकरायचं? त्याने तक्ता काढला, काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "इथे सही लागते तुमची."

मास्तरांनी भिंग सरकवून तक्ता वाचला. शेऱ्यापाशी थोडे थांबले, आणि पेन शोधू लागले. तो शेरा त्यांना मान्य होता. चौथ्याला तेच सहन झालं नाही.

पेन शोधता शोधता मास्तर म्हणाले, "फक्त एक हिशेब मला अजून लागत नाही. माझ्या काट्यावर तू शहात्तर किलो पाचशे भरलास. पाणी मोजून दिलं होतं, नव्वद ग्रॅम. ते धरूनसुद्धा तू त्या लबाडापेक्षा पन्नास ग्रॅमने हलका असायला हवा होतास. मग वरचे एकशे दहा ग्रॅम आले कुठून? पाण्याचे तर नव्हते. म्हणजे माझा काटाच खोटा. परत आल्यावर तो काटा मी उघडला. काही सापडलं नाही. मग दुसरा उघडला, तसलाच होता म्हणून. मग लोक आपले आणून द्यायला लागले." त्यांनी दुकानभर हात फिरवला. "हे असं झालं बघ."

चौथ्याने दुकान पहिल्यांदा नीट पाहिलं. भिंतीला लागून शेकडो काटे होते, टांगते, टेबलावरचे, पोती तोलायचे. त्याच्या तोंडात विनोद तयार होता, त्याच्या तोंडात कायम एक तरी तयार असायचा, पण या वेळी तो बाहेर येईना.

"मास्तर, केळं," तो म्हणाला.

"काय?"

"मी केळं खाल्लं होतं. तुम्ही पाणी दिल्यावर. संडासात जाऊन."

मास्तर रागावतील, हाकलून देतील, अशी चौथ्याने मनाची तयारी केली होती.

"सोललेलं?" त्यांनी विचारलं.

"हो. साल तिथेच टाकली."

"केवढं होतं?"

चौथ्याने दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. पन्नास माणसांची व्यायामशाळा चालवणारा गडी शाळेतल्या पोरासारखा बोटं धरून उभा होता. मास्तरांनी त्या अंतराकडे बघून मान हलवली.

"भरेल एकशे दहा," ते म्हणाले. मग स्टुलावर बसले. "म्हणजे माझा काटा बरोबर होता."

"बरोबर होता, मास्तर. पहिल्यापासून बरोबर होता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला लाज वाटते."

एक बाई भाजीचा काटा घेऊन आली, मास्तरांनी तिला दुपारी या म्हणून सांगितलं.

"त्या वर्षी माझ्याकडे दोन मुली होत्या," ते मग म्हणाले. "तुला आठवत नसतील, नवीन होत्या. एक सतरा वर्षांची, दुसरी तिच्याहून लहान. लहानगीची पाठ अशी सरळ जायची वजनाच्या बारखाली, मी आयुष्यात तशी पाहिली नाही. तुझीही नव्हती तशी. मी दोघींना घरी पाठवलं. म्हटलं, ज्याला स्वतःचा काटा ओळखता येत नाही त्याने पोरींच्या आयुष्याशी खेळू नये."

"मग त्या कुठे गेल्या?"

"कुठे जाणार? दुसरा शिकवणारा होता कुठे इथे? थोरली पोस्टात आहे. धाकटीचं मला माहीत नाही."

चौथ्याने पेन घेतलं. शेऱ्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘खेळाडूने वजनापूर्वी चोरून केळं खाल्लं. प्रशिक्षकांचा काटा व अंदाज बिनचूक होता.’ अक्षर वाकडं आलं. त्याने सही केली आणि तक्ता मास्तरांपुढे सरकवला. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि सावकाश, पूर्ण नावाने सही केली.

तक्त्यात आणखी एक ओळ मोकळी होती. चौथा पेन घेऊन तिच्यावर वाकला. त्याला त्या दोन मुलींचं काहीतरी लिहायचं होतं, पण त्या कितव्या आल्या असत्या ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यांची नावं त्याने मास्तरांना कधी विचारलीच नव्हती.

"काय नावं होती त्यांची?" त्याने विचारलं.

मास्तरांनी सांगितली. चौथ्याने ती त्या ओळीत लिहिली, आणि पुढचा आकड्याचा रकाना तसाच कोरा सोडला.