माझ्या पोटातली सुटलेली वायर

मी लॅपटॉप बोलतोय. एरवी मला जे सांगायचं ते मी पडद्यावर लिहून दाखवतो. पण त्या दिवशी माझ्याकडून जे लिहून घेतलं गेलं, त्याची चीड अजून गेलेली नाही. म्हणून आज तोंड उघडलं.

माझी पहिली नोकरी विम्याच्या कचेरीत. तिथले साहेब माझ्यावर वाकून बिस्किटं खायचे. माझी ‘ळ’ची कळ दाबली की आजही कुरकुर ऐकू येते. पुढे कचेरीत नवे लॅपटॉप आले, माझी रवानगी जुन्या मालाच्या दुकानात झाली आणि तिथून मला सिस्टरने घरी आणलं.

ती इस्पितळात नर्स आहे. वॉर्डात सगळे तिला सिस्टर म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. घरात नवरा, सासरे आणि धाकटा दीर. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. सिस्टरला ऑपरेशन थिएटरचा कोर्स करायचा होता. एका वर्षी आप्पांचं हाड मोडलं, दुसऱ्या वर्षी नवऱ्याला कावीळ झाली. प्रवेश परीक्षा दोन्ही वेळा हुकली. यंदा शेवटची संधी होती, कारण पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती.

ड्यूटीवरून आली की ती मला मांडीवर घेऊन पलंगाच्या कोपऱ्यात बसायची. एक पान वाचून होईतो हाक यायची. टॉवेल कुठाय? माझी गोळी कुठली? वहिनी, इस्त्री गरम का होत नाही? ती उठायची, परत यायची आणि तेच पान पुन्हा वरपासून वाचायची. मला तर ते पाठ झालं होतं.

परीक्षा घरूनच द्यायची होती, माझ्यावर. कॅमेरा चालू, खोलीत दुसरं माणूस नको, फोन तर अजिबात नको.

आदल्या दिवशी माझा पंखा जरा घरघरत होता. दीर म्हणाला, “वहिनी, उद्या मध्येच तापून बंद पडला तर काय करशील? आण, साफ करून देतो.” मनाने चांगला आहे तो. त्याने या विषयावरचा एक व्हिडिओ पाहिला होता, तोही अर्धा. तेवढ्या भांडवलावर त्याने मला पालथं घातलं आणि माझे स्क्रू काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने मला उघडलं. एरवी मला सगळ्या इमारतीची वायफाय दिसायची. वरच्या दंतवैद्याचं, समोरच्या शिवणक्लासचं, कुणा खवटाने ‘स्वतःचं घ्या’ असं नाव दिलेलं. आज यादी कोरी. घरचं वायफायसुद्धा नाही.

“राउटर गेला असेल,” नवरा म्हणाला. पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर भिंतीला राउटर लावलेला आहे. त्याने तो बंद केला, चालू केला. मला बंद केलं, चालू केलं. यादी कोरीच. मग पुन्हा दोघांनाही बंद केलं, पुन्हा चालू केलं. माणसांना या उपायाचा इतका भरवसा का वाटतो, देव जाणे.

“अहो, माझ्या फोनवर वायफाय व्यवस्थित चालतंय,” सिस्टर म्हणाली. तिचं म्हणणं कुणाच्या कानावर गेलंच नाही.

“खिडकीत ठेवून बघा,” आप्पा म्हणाले. खिडकीत ठेवलं. मला ऊन लागलं, बाकी काही नाही.

मग दिराने माझ्याकडूनच दोष शोधून घ्यायचं ठरवलं. एक बटण दाबलं आणि मला लिहावं लागलं, ‘समस्या शोधत आहे.’ थोड्या वेळाने लिहावं लागलं, ‘समस्या सापडली नाही.’ अरे, सापडली नाही कशी! पोटात वायफाय पकडणाऱ्या वायरी लोंबत होत्या, मला पक्कं ठाऊक होतं. पण जेवढी वाक्यं मला शिकवलीत त्यांत ‘काल याने माझ्या पोटात हात घातला’ हे वाक्यच नाही.

“ड्रायव्हर खराब झालाय,” दीर म्हणाला, आणि वायफाय चालवायचा जो प्रोग्राम असतो, तोच त्याने काढून टाकला. “आता नवीन डाउनलोड करू.”

“कशावरून?” सिस्टरने विचारलं.

“इंटरनेटवरून.”

आप्पांनी चष्मा पुसला. माझ्याकडे त्या प्रोग्रामची जुनी प्रत होती, ती मी गुपचूप परत बसवली. यादी तरीही कोरीच.

दुपारी दोनची परीक्षा. स्वयंपाक तसाच राहिलेला. सिस्टर खुर्ची ओढून दिरासमोर बसली आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, “भाऊजी, काल सकाळपर्यंत हा बरा होता. त्यानंतर काय काय केलंत? पहिल्यापासून सांगा.”

“पंखा साफ केला. बस.”

“आणखी कशाला हात लागला?”

“दोन बारीक वायरी मध्ये येत होत्या. बाजूला केल्या.”

“बाजूला केल्या की काढल्या?”

“काढल्या असं नाही गं वहिनी,” तो खाली बघत म्हणाला, “निघाल्या.”

मला टाळी द्यावीशी वाटली. सकाळपासून पहिल्यांदा कुणी माझ्या दुखण्याची नीट चौकशी केली होती.

तिने मला पुन्हा उघडायला लावलं. दिराने टॉर्च धरला. भुवया कोरायचा चिमटा घेऊन तिने एका वायरीचं इवलंसं टोक जागेवर दाबलं. टक् झालं. दुसऱ्या वायरीचं टोक मात्र तुटलं होतं, ते बसेना.

मला चालू केलं. यादीत एकच नाव आलं, घरच्या वायफायचं. तेही मला राउटरखाली धरलं तरच. दोन पावलं मागे नेलं की गायब.

मग परीक्षा पॅसेजमध्येच द्यायची ठरली. चपलांच्या कपाटाला टेकून स्टूल, स्टुलावर मी, समोर पाटावर सिस्टर. घरातून बाहेर जायचा, बाथरूमला जायचा, स्वयंपाकघरात जायचा रस्ता तोच. कॅमेऱ्यात कुणी दिसलं तर परीक्षा रद्द. तिने स्वतःच्या फोनसकट सगळ्यांचे फोन आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवले आणि तिघांनाही दाराबाहेर काढलं. आप्पांना जिन्यावर खुर्ची दिली.

परीक्षा सुरू झाली. मी त्या एका वायरीनिशी राउटरला धरून राहिलो. माझा पंखा घरघरत होता, पण मी तापलो नाही. एवढं श्रेय दिराचं, नाही म्हणत नाही. बाहेर कुणीतरी बेल वाजवायला आलं असावं, कारण आप्पांचा आवाज आला, “हां! बेलला हात लावायचा नाही. आत आमच्या सूनबाईंचा पेपर चाललाय.”

एकदाही हाक आली नाही. टॉवेल, गोळी, इस्त्री, कुणाला काही नको होतं. सिस्टर प्रत्येक प्रश्न एकदाच वाचत होती.

शेवटचं उत्तर गेलं. ‘परीक्षा पूर्ण झाली’ असं मी लिहिलं. सबंध दिवसात हे एकच वाक्य मी मनापासून लिहिलं.

बाहेरून नवऱ्याने हळूच विचारलं, “झालं का गं?”

वेळ अजून थोडा शिल्लक होता. सिस्टरने दाराकडे पाहिलं, पाय लांब केले, डोकं भिंतीला टेकवलं.

“नाही अजून,” ती म्हणाली.

तिला प्रवेश मिळाला. मी अजूनही त्या स्टुलावरच आहे. दुरुस्तीला न्यायचं सगळ्यांच्या ध्यानात आहे, सवड कुणालाच नाही. माझी काही घाई नाही. संध्याकाळी ती इथे येऊन बसते, पुस्तक उघडते. तेवढ्या वेळात तिला हाक मारू नका.