ताईच्या चॅनलवरची खार

माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही. हे मी तिला तोंडावर ऐकवलेलं आहे, त्यामुळे इथे सांगायला हरकत नाही. आमचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. ताई मशीनवर बसते, मी काजं-बटणं आणि इस्त्री बघते. पँट आखूड करायची, कोट सैल करायचा, चेन बदलायची, असली कामं. मशीन सुरू झालं की ताईचं तोंड सुरू होतं आणि मशीन थांबलं तरी ते थांबत नाही. गिऱ्हाईक पडद्याआड कपडे बदलत असलं तर ही पडद्याशी बोलत राहते. बायका आपल्याकडे शिलाईला येतात की गप्पा ऐकायला, असं मी विचारायची तेव्हा ती खूश व्हायची. तिला ते कौतुक वाटायचं.

तिची एकुलती एक मुलगी खारू. लहानपणी खाऊ गालात साठवून ठेवायची, म्हणून मीच तिला खारू म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं. ती आईच्या अगदी उलट. लग्न मोडून माघारी आली तेव्हा का, कसं, काही बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही, म्हणजे मी विचारलं नाही. शेवटी एकदा तिनं आईला सांगितलं, की नवरा सोडून गेला त्याच्या आधी पोटातलं बाळ गेलं होतं. ताई तिला पोटाशी धरून रडली. आणि आठवडाही झाला नसेल, एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उसवता उसवता तिला सगळं सांगून मोकळी झाली.

ती बाई फिटिंगला आली. खारू समोर बसली होती, तर तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "होईल गं पुन्हा. वय काय तुझं."

खारूनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच संध्याकाळी तिनं बॅग भरली. जाताना मला म्हणाली, "मावशी, हिला सांगितलं की ते माझं राहतच नाही." तिनं नंबर बदलला आणि दुसऱ्या शहरात नोकरी धरली; ती कुठे आणि कसली, ते तिच्या एका जुन्या मैत्रिणीकडून कळलं. नवा नंबर मलाही दिला नाही, कारण मी ताईपुढे किती टिकेन हे तिला माहीत होतं.

"मी काय वाईट बोलले?" ताई मला विचारायची. "मला सोसवलं नाही म्हणून बोलले." हे खरंच होतं. त्यामुळे तिच्यावर धड रागावताही यायचं नाही, आणि मला रागावायला फार आवडतं.

चॅनलचं खूळ शेजारच्या झेरॉक्सवाल्यांनी तिच्या डोक्यात घातलं. हे गृहस्थ मेसेजच्या अ‍ॅपवर स्वतःचं एक चॅनल चालवतात आणि रोज सकाळी त्यावर सुविचार टाकतात. ते वाचणारे म्हणजे त्यांची बायको, दोन मेहुणे आणि शेजारधर्म म्हणून मी. पण बोलतात असे, की सगळं गाव त्यांचा सुविचार वाचूनच चूळ भरतं. त्या दिवशी ते शर्टाची कॉलर उलटी करून घ्यायला आले होते आणि ताईला समजावत होते.

"चॅनल म्हणजे एकतर्फी बोलणं, ताई. आपण बोलायचं, लोकांनी ऐकायचं. उलट उत्तर देता येत नाही. फार तर खाली एखादं चित्र टाकतात, बदाम, टाळ्या वगैरे."

"हे हिच्यासाठीच काढलंय म्हणा की," मी म्हटलं.

"आणि कोण ऐकतंय ते आपल्याला दिसत नाही. नाव नाही, नंबर नाही. फक्त किती जण आहेत ते कळतं."

ताईचा पाय मशीनवर थांबला. "म्हणजे कुणालाही गुपचूप येऊन ऐकता येईल?"

"कुणालाही."

तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. झेरॉक्सवाल्यांना कळलं नाही. ते आपले लोक कसे जमवायचे त्यावर व्याख्यान देत राहिले.

मी एकच अट घातली. चॅनलवर फक्त सुई-दोरा. घरातलं अवाक्षर नाही. ताईनं माझ्या हातावर हात ठेवून कबूल केलं. मग दुकानाच्या काचेवर चॅनलची चिठ्ठी लागली, गिऱ्हाइकांच्या पिशव्यांत चिठ्ठ्या गेल्या. खारूची ती जुनी मैत्रीण स्कर्टची कंबर कमी करून घ्यायला आली, तिच्या पिशवीत ताईनं दोन चिठ्ठ्या घातल्या. एक हरवली तर दुसरी असावी म्हणून.

रोज सकाळी दुकान उघडलं की ताई एक फोटो काढायची आणि आवाज रेकॉर्ड करायची. दोरा तिरका कापा म्हणजे सुईत पटकन जातो. कोटाचं बटण शिवताना खाली काडी धरा, म्हणजे बटणाला देठ मिळतो आणि कापड ताणत नाही. स्वेटरचा धागा ओढला गेला तर कापू नका, सुईनं आत ओढून घ्या. एवढंसं बोलायला तिला कितीदा तरी प्रयत्न करावा लागायचा, कारण काडीवरून गाडी कुठे जाईल याचा नेम नव्हता. मी इस्त्रीच्या टेबलावरून डोळे वटारायची. ती मान हलवायची, खोडायची, पुन्हा बोलायची. तिला गप्प राहायचे कष्ट घेताना मी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला तिची दया यायला लागली होती.

चॅनल सुरू होऊन महिना झाला असेल. ताई फोन घेऊन माझ्याकडे आली. बदाम आणि टाळ्यांच्या रांगेत एका चित्रावर तिनं बोट ठेवलं. "हा काय गं, उंदीर?"

मी चष्मा लावला. "खार आहे."

इस्त्रीखालचा रुमाल करपला, तेव्हा मला भान आलं.

त्यानंतर प्रत्येक टिपेखाली एक खार असायची. एकच. ताईनं ती कुणाला सांगितली नाही, यावर तिला ओळखणाऱ्यांचा विश्वास बसणार नाही. दुकानातही तिचं बोलणं कमी झालं. गिऱ्हाइकं मला बाजूला घेऊन विचारायची, ताईंची तब्येत बरी नाही का. ती मशीन चालवायची आणि मधूनच गालात हसायची. मला वाटलं, ही पोरगी आईला न भेटताच वळण लावतेय. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं.

मग अडकलेल्या चेनवर साबण घासायची टीप कुठे कुठे फिरली देव जाणे, ऐकणारे भराभर वाढले. शेकड्यांचे हजार झाले. झेरॉक्सवाले दिवसातून दोनदा येऊन अभिनंदन करायला लागले, आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या मला दिसत होत्या. ताईला त्या हजारांशी देणंघेणं नव्हतं. ती फोन उघडायची, खार बघायची आणि ठेवून द्यायची.

आणि मग खार यायची थांबली. एक दिवस गेला, आणखी काही दिवस गेले. ताईनं जेवण टाकलं. "कंटाळली असेल," मी म्हटलं. "आजारी असेल," ती म्हणाली. "गेली असेल." झेरॉक्सवाल्यांना तिनं फक्त एवढंच विचारलं, की ऐकणारे अचानक का सोडून जातात. त्यांना विषय आवडीचा. म्हणाले, "ताई, टाके बघून लोक कंटाळतात. त्यांना टाक्यामागचं माणूस हवं असतं. मन मोकळं करा, बघा कसे परत येतात."

मी त्या दुपारी दोऱ्याची रिळं आणायला बाजारात गेले होते. परत आले तर झेरॉक्सवाले आमच्या स्टुलावर बसून डोळे पुसत होते आणि ताई फोन छातीशी धरून उभी होती.

"काय केलंस?" मी विचारलं.

तिनं मला ऐकवलं. तिचा तोच आवाज, पडद्याआडच्या बायकांशी बोलणारा. यात माझी मुलगी आहे, ती रोज खारीचं चित्र टाकायची. मग लग्न, नवरा, बाळ, कितव्या महिन्यात गेलं ते, कोणत्या शहरात कसल्या नोकरीला आहे ते. मी चुकले असेन, खारू, पण मला तुझ्याशिवाय करमत नाही. ये गं. तुम्हीपण सांगा रे तिला कुणीतरी.

"काढून टाक," मी म्हटलं. "आत्ता काढ."

तिनं काढलं. पण चेनची टीप जशी फिरली होती तसंच हेही तोवर पसरलं होतं, आणि त्याहून लवकर. दुसऱ्या दिवशी ताईनं काजाची टीप टाकली, तर तिच्याखाली खारीच खारी. शेकडो, मग हजारो. कुठल्या कुठल्या लोकांनी, या आईच्या कळवळ्यापोटी, एकेक खार टाकली होती. ताई रडत हसत होती. "बघ गं, सगळे बोलावतायत तिला."

मी बघत होते. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मी पुन्हा इस्त्रीला लागले.

खारूचा फोन मला आला. ताई समोरच्या दुकानात अस्तराचं कापड बघायला गेली होती.

"मावशी," ती म्हणाली, "आम्ही कामावर जेवायला बसलो होतो. शेजारी बसलेल्या बाईनं फोनवर लावलं. म्हणाली, ऐका, काय बिचारी आई आहे. सगळ्यांनी ऐकलं. एक जण म्हणाली, कसली मुलगी असेल ही. मी डबा बंद केला."

"त्यांना कळलं?"

"अजून नाही. कळेल. शहर सांगितलंय, काम सांगितलंय. कितीजणी असतील अशा?"

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "ती खार तूच ना?"

"हो. फोन पाण्यात पडला होता, दुरुस्तीला दिला होता. म्हणून मधले दिवस नव्हते. टिपा सांगताना ती माझ्याबद्दल बोलत नव्हती, मावशी. आयुष्यात पहिल्यांदा. मी उशीचा अभ्रा घेऊन बसायचे आणि तिच्या आवाजाबरोबर शिवायचे. मला वाटलं, आता घरी जाता येईल. सुट्टी मागून ठेवली होती."

"मग ये ना. ये, मी तिला उभी करते तुझ्यासमोर, काय बोलायचं ते बोल."

"नको. मी त्या चॅनलमधून बाहेर पडले. तिला सांग, तिथे मला शोधू नको म्हणावं." ती रडत नव्हती. रडली असती तर मला जास्त आशा वाटली असती.

मी ताईला सगळं सांगितलं, शब्द न गाळता. तिला लागावं असं मला वाटत होतं आणि लागलंही. ती स्टुलावर बसली. तिनं विचारलं, "आवाज कसा होता तिचा? सर्दी-बिर्दी?" मी म्हटलं, नव्हती. मग ती अभ्र्याचं पुन्हा पुन्हा विचारत राहिली, कोणत्या रंगाचा, हातशिलाई की मशीन. मला माहीत नव्हतं. मी आत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

मी म्हटलं, चॅनल बंद कर. ती ऐकेना. "बंद केलं तर ती परत येणार कुठून? दुसरं दार कुठलं आहे तिला?" ते काही चूक नव्हतं. ती आता रोज सकाळी फक्त टीप सांगते. सुई, दोरा, कापड. एक शब्द जास्त नाही, मला डोळे वटारावे लागत नाहीत. आणि रोज खाली हजारो खारी येतात. ताईनं हात जोडून विनंती केली, कृपा करून खार टाकू नका. लोकांना वाटलं, बिचारीचं मन मोडलंय. त्यांनी दुप्पट टाकल्या.

झेरॉक्सवाले हल्ली खाली मान घालून बोलतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, चित्रं टाकणं बंद करता येतं, पण मग सगळ्यांचंच बंद होईल. एकीसाठी उघडं ठेवता येत नाही.

"राहू दे मग," ताई म्हणाली.

काल दुपारी दुकानात कुणी नव्हतं. ती मशीनवर फोन ठेवून, बोटानं सरकवत त्या खारी बघत होती, जणू त्यांतली एखादी तिला वेगळी दिसणार होती. मी म्हटलं, पुरे आता, डोळे जातील. तिनं मान वर केली नाही.

"धाकटे, चांगली माणसं आहेत गं ही," ती म्हणाली. "पण यांना थांबायला सांग ना तू. उद्या तिनं टाकलीच तर मला कळणार कशी?"