रिकामा ताबा

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमच्या इमारतीतल्या खोल्या आपापल्या मापाच्या होत्या. त्या दिवशी बाबांनी गच्चीवरची टाकी धुतली, माझ्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवली आणि तीच पुन्हा वाढून घेतली.

तेराव्यानंतर मी इमारत विकायला काढली. तेव्हापासून दलालानं टेप लावला की खोली आखडायची.

पहिले दलाल लुंकडशेठ, त्यांनी तळमजला मोजला. भाडेकरू वाकून बाहेर पडले ते परत आले नाहीत. मग दुसऱ्या दलाल मोकाशीबाईंनी मधला मजला मोजला. निघताना चौकट त्यांच्या दोन्ही खांद्यांना घासली.

"कार्पेट एरिया कमीच भरतोय हो," त्या म्हणाल्या. "वरचा मजला?"

"वर बाबा आहेत."

"दिसले खिडकीत. वयस्कर माणूस बघून गिऱ्हाईक बिचकतं."

स्मशानातून आम्ही परतलो तेव्हा बाबा वरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले होते. ती खोली कुणी मोजण्याआधी मला एकच दलाल नक्की करून बाकीच्यांना थांबवायचं होतं.

बाबा नव्या भाडेकरूला बिनसाखरेचा चहा द्यायचे. जो साखर मागेल त्याला खोली. न मागणारा एक दिवस न सांगता निघून जातो, असं त्यांचं म्हणणं. मी तसाच चहा केला. लुंकडशेठ आणि मोकाशीबाई मुकाट्यानं प्यायले. तिसरे शेडगे. त्यांनी एक घोट घेतला.

"ताई, साखरेशी भांडण झालंय का?"

मी इमारत त्यांच्याकडे दिली.

"मी टेप बाळगत नाही," ते म्हणाले. "पण गिऱ्हाईक स्वतःचा टेप आणतंय. खालीच उभं आहे. काकांना तेवढं हलवा, ताबा रिकामा लागतो."

"ते उठत नाहीत."

"त्यांना निघायला कुणी सांगितलंय का?"

खाली टेप सरसरला. जिना अरुंद झाला. मी आडवी होऊन वर चढले. बाबांचं डोकं छताला टेकलं होतं, गुडघे भिंतीला.

"कोण आलंय गं?"

"घर बघायला आलेत."

"बघू दे की. मी कुठे आड येतोय?"

त्यांनी पेपरचं पान उलटायचा प्रयत्न केला. पान भिंतीत अडकलं. टेपचं पत्र्याचं टोक उंबऱ्यावरून आत आलं आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्याला लागून थांबलं.

दवाखान्यात बाबांच्या शेवटच्या घटकेला आत्या माझा दंड धरून, त्यांना जायला सांग, म्हण, म्हण म्हणत होती, आणि माझ्या तोंडून काही केल्या निघालं नव्हतं.

"बाबा," मी मोठ्यानं म्हणाले, "तुम्ही निघा आता. मी बघते सगळं."