शिंगरावाशेजारचा चौकोन

मी बोटभर उंचीचा एक लाकडी शिक्का आहे. बोलावं की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. शिक्क्यानं एक नाव उमटवावं आणि डबीत गप्प पडावं, अशी आमच्या जातीची रीत. त्यात मला सांगायचं आहे ते फारसं शोभणारंही नाही. मत्सराची गोष्ट आहे. पण आता डबी उघडलीच आहे, तर ऐका.

माझा जन्म जपानमधल्या ताकाओका गावच्या बाजारपेठेतला. दुकानात काचेची एक फिरती मांडणी होती आणि तिच्यात गावातल्या सगळ्या आडनावांचे तयार शिक्के ओळीनं उभे असत. माणूस यायचा, मांडणी फिरवायचा, आपलं नाव उचलून चालू लागायचा. मी मात्र कोऱ्या तुकड्यांच्या पेटीत होतो. पिवळसर, टणक, बारीक पोताचं लाकूड. एके दिवशी रुंद गालांचा, दणकट खांद्यांचा एक परदेशी तरुण आत आला.

"नाव?" कोरणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"नेर्गुई."

"मांडणी फिरवून हात दुखतील, पण हे सापडायचं नाही. कुठला तू?"

"मंगोलियाचा. तोगाशींच्या ओतशाळेत कामाला लागलोय. शिक्क्याशिवाय पगार मिळत नाही म्हणाले."

"बरोबर म्हणाले. अर्थ काय या नावाचा?"

"नाव नाही."

"आत्ता तर सांगितलंस!"

"अर्थच तो, आजोबा. आमच्याकडे आधीची मुलं दगावली की पुढच्याचं नाव असं ठेवतात. वाईट नजरेला पत्ता लागू नये म्हणून."

म्हातारा खो खो हसला. "आणि तोच पत्ता तू माझ्याकडून कोरून घेतोयस होय? बस. चहा घे."

असा मी जन्मलो. नगरपालिकेत माझी नोंद झाली तेव्हा मला वाटलं, आपण आता कुणीतरी झालो. हा समज फार टिकला नाही.

तोगाशींच्या ओतशाळेत देवळांसाठी काशाच्या घंटा ओतत. प्रत्येक घंटेचा तपासणीचा एक कागद असे आणि कागदाच्या तळाशी दोन चौकोन. उजवीकडचा कारागिराचा, डावीकडचा उस्तादांचा. पहिल्याच घंटेच्या वेळी नेर्गुईनं मला छान सरळ, ताठ उमटवलं. तोगाशी उस्तादांची बायको किनुए काकू हिशेबाचं टेबल सांभाळायच्या. त्यांनी जीभ चावली.

"अरे, असा नाही. डावीकडे जरा कलता मार."

"का? वाकडा दिसेल."

"वाकडाच दिसू दे. शेजारी उस्तादांचा शिक्का बसतो ना? तुझ्या शिक्क्यानं त्याला वाकून नमस्कार करायचा असतो."

आणि मग तो आला. म्हशीच्या शिंगाचा, काळाकुळकुळीत, तीन पिढ्यांच्या बोटांनी गुळगुळीत झालेला शिक्का. रेशमी पिशवीतून निघाला, ठसा ठळक यावा म्हणून उस्तादांनी त्याच्यावर 'हाः' करून श्वास सोडला, लाल शाईत टेकवला आणि तो माझ्या डाव्या हाताला खांबासारखा सरळ उभा राहिला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी त्याचं नाव शिंगराव ठेवलं. अर्थात मनातल्या मनात.

नऊ वर्षं मी शिंगरावापुढे वाकलो. साचा नेर्गुईनं भरावा, मूस नेर्गुईनं पेलावी, भुवया नेर्गुईच्या जळाव्यात. घंटेवर नाव मात्र तोगाशींचं आणि कागदावर मी कमरेत वाकलेला. जळफळाट व्हायचा माझा. शेवटी शिंग ते! कुठल्या डबक्यात लोळणाऱ्या म्हशीचं होतं कोण जाणे, आणि तोरा राजदंडाचा. रात्री डबीत पडल्या पडल्या मी त्याला तडे जाण्याची वाट पाहायचो. शिंगाला कोरड्या हवेत तडे जातात, असं मी ऐकलं होतं. पण किनुए काकू त्याला तेल लावून ठेवायच्या. मला कुणी कधी तेल लावलं नाही.

वाईट याचं वाटायचं, की नेर्गुईला यात काही वावगं दिसत नसे. उलट उस्तादांचं पाहून तोही माझ्यावर 'हाः' करू लागला. त्या श्वासाला चहाचा आणि कोळशाचा वास असे. तो श्वास माझा होता. एवढं एक माझं होतं.

मग हिवाळ्यात नेर्गुईच्या आईची दृष्टी गेल्याची बातमी आली. त्यानं उस्तादांना सांगितलं, "मार्चअखेर मी घरी परत जातो. तिकडेच लहानशी भट्टी टाकीन." उस्ताद वाळू चाळत होते. चाळतच राहिले. त्या दिवसापासून ते नेर्गुईशी बोलेनासे झाले. काही हवं असलं तर काकूंना सांगायचे, "त्याला म्हणावं, चिमटा दे." आणि तो समोर हातभर अंतरावर उभा.

मी खूश होतो. सुटलो एकदाचे शिंगरावाच्या शेजारातून! पण नगरपालिकेच्या खिडकीत घोडं अडलं.

"गेल्या वर्षीच्या कमाईवरचा रहिवासी कर राहिलाय तुमचा," तिथली मुलगी म्हणाली.

"सांगा किती ते. आत्ता भरतो."

"आकडा जूनमध्ये ठरतो. तेव्हा घरी कागद येतो."

"जूनमध्ये माझं इथं घर नसेल."

"म्हणून तर इथला एक माणूस नेमून द्यायचा. तुमच्या वतीनं कागद घेईल, कर भरेल. त्याची सही नको, शिक्का लागेल. आहे कुणी?"

 नेर्गुईच्या खोलीशेजारी राहणारे सगळे त्याच्यासारखेच, आज इथं तर उद्या कुठं. संध्याकाळी तो काकूंजवळ बसला.

"आमच्यात मुक्काम हलवताना चुलीची राखसुद्धा मातीखाली झाकून जातात, काकू. आपल्या मागे काही उघडं राहू नये. राख तशीच टाकून गेलो तर आईला काय सांगू?"

"मग विचार की त्यांना."

"ते माझ्याशी बोलत नाहीत."

"बोलत नाहीत. बहिरे नाही झालेत."

 म्हणजे माझ्या धन्याच्या नावानं आता शिंगराव बोलणार? माझी नोंद रद्द होणार, मी परक्या देशात लाकडाचा तुकडा होऊन पडणार, आणि हा इथं बसून माझ्या नेर्गुईची कामं करणार? नऊ वर्षं डोकं वाकवून घेतलं ते पुरलं नाही का याला? उस्तादांनी नाही म्हणावं, यासाठी मी ठाऊक असलेल्या सगळ्या देवांना आळवलं. त्यात नेर्गुईचं नुकसान होतं, हे मला कळत होतं. तरी आळवलं.

दुसऱ्या दिवशी नेर्गुईनं गुडघे टेकून विचारलं. उस्तादांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्यापुढे तोंड उघडलं.

"जाणारा जातो, आणि मागे मी त्याची पत्रं उघडत बसू? मी काय तुझा कारकून आहे?"

मी डबीत आनंदानं उड्या मारल्या. नेर्गुई भट्टीमागे जाऊन बराच वेळ उभा राहिला. परतल्यावर त्यानं मला खिशात चाचपलं तेव्हा त्याचा हात गार होता. माझ्या उड्या थांबल्या. खरंच थांबल्या की मी आता तसं म्हणतोय, सांगता येत नाही.

गाव सोडल्याची नोंद करायचा शेवटचा दिवस उजाडला. नगरपालिकेच्या दारात एक म्हातारा काळा कोट घालून उभा होता. लग्न-मयताचा असतो तसला. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास. हातात रेशमी पिशवी.

"उस्ताद!"

"ओरडू नकोस. म्हातारी रात्रभर बोलली नाही माझ्याशी. ते कसं वाटतं ते कळलं." मग पायऱ्या चढत म्हणाले, "चल. खिडकीपुढे रांग असते."

मुलीनं कागद पुढे केला. तळाशी तेच दोन चौकोन, पण जागा उलट: करदात्याचा डावीकडे, त्याच्या वतीनं भरणाऱ्याचा उजवीकडे. उस्तादांची खांबाची जागा आज माझी होती. नेर्गुईच्या ते लक्षात आलं नाही. त्यानं 'हाः' केलं आणि सवयीनं मला डावीकडे कलतं धरलं. उस्तादांनी त्याचं मनगट पकडलं.

"कुणाला नमस्कार करतोस? भिंतीला?"

"सवय, उस्ताद."

"कर तुझा. नाव तुझं. या कागदावर मी तुझ्या हाताखालचा माणूस. सरळ मार."

"मला नाही जमणार."

"घंटा ओतायला जमली आणि हे जमत नाही? मार म्हणतो ना!"

नेर्गुईनं मला टेकवलं आणि मी सरळ उमटलो. आयुष्यात दुसऱ्यांदा. मग शिंगराव पिशवीतून निघाला. उस्तादांनी श्वास सोडला, चष्मा वर केला, आणि अगदी सावकाश, कोन जोखून, त्याला डावीकडे कलवून टेकवला. शिंगराव वाकला. माझ्यापुढे.

खिडकीतल्या मुलीनं दोन्ही हातांनी कागद उचलला. 

नऊ वर्षं याच क्षणावर मी जगलो होतो. वाटलं होतं, केवढा आनंद होईल! झालं भलतंच. इतकं देखणं वाकणं मला एकदाही साधलं नव्हतं. मी वाकायचो ते दात-ओठ खाऊन. तो वाकला तो मनापासून. म्हणजे इथंही तोच वरचढ! मला त्याच्या ताठ उभं राहण्याचा हेवा वाटायचा, आता त्याच्या वाकण्याचा वाटू लागला.

आता मी नेर्गुईच्या आईच्या घरात, अंथरुणाच्या पेटीवरच्या डबीत असतो. इथं कुणी शिक्का मागत नाही. हवा कोरडी आहे. तडा शिंगाला जायचा तो मलाच गेला, बारीकसा. त्या वर्षी जूनपासून थंडीपर्यंत कराच्या चार हप्त्यांच्या पावत्या टपालानं आल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात शिंगराव उमटलेला, डावीकडे वाकून. नेर्गुई त्या लाल ठशावरून अंगठा फिरवायचा आणि आईचं बोट धरून तिलाही फिरवायला लावायचा. मी हातभर अंतरावर डबीत. काय वाटत असेल माझ्या जिवाला?

चौथ्या पावतीबरोबर उस्तादांची एकच ओळ होती: "राख झाकली. भट्टी पेटली का?"

नेर्गुईनं उत्तर लिहिलं. मग पेटीवरून डबी काढली. शाई सुकली होती. त्यानं माझ्यावर 'हाः' केलं, पुन्हा केलं. तोच चहा, तोच कोळसा. कागदावर चौकोन नव्हते, वर-खाली कुणी नव्हतं. त्यानं मला टेकवलं आणि त्याचा हात कलण्याआधी, माझी शपथ, मीच कललो.

ठसा पुसट आला. कुण्या जुन्या कागदावर असा कलता शिक्का तुम्हाला दिसला, तर घाईत वाकडा उमटला असं म्हणू नका. आणि शिंगराव भेटलाच कुठे, तर त्याला एवढं विचारा, की या खेपेला माझं वाकणं कसं वाटलं.