हैबतरावाची पावलं आणि वाल्मीकच्या सायकली

रिहे गावातल्या हैबतराव आणि वाल्मीक या भावांचं भाताचं खाचर सरकारने रस्त्यासाठी घेतलं आणि भरपाई दिली. ती कुठे गुंतवायची यावरून दोघांत पहिली मारामारी झाली. वाल्मीकचे पुढचे दोन दात गेले आणि पैसे थोरल्या हैबतरावाच्या मनाप्रमाणे पुण्यातल्या एका जुन्या कापडगिरणीच्या शेअरांत गेले. पोटापुरता भाताचा एक तुकडा सोडला तर घरात दुसरं काही उरलं नाही.

शेअर म्हणजे कंपनीतला वाटा. हैबतरावाने तो शेतासारखाच पारखला होता. गिरणीच्या भिंतीभोवती तो पावलं मोजत फिरला. नुसत्या जागेचीच किंमत सगळ्या शेअरांच्या दीडपट होते, यंत्रं वर फुकट, असा त्याचा हिशेब. आजच्या खऱ्या किमतीपेक्षा स्वस्तात मिळतंय ते घ्यावं आणि धीर धरावा.

वाल्मीक चिंचवडला पंपांच्या एका नव्या कारखान्यात कामाला होता. पाळी सुटताना तो फाटकाशी उभा राहून कामगारांच्या सायकली मोजायचा. गेल्या दिवाळीला चाळीस, या दिवाळीला दोनशे. इमारत पत्र्याची असेना, वाढ बघा, असं त्याचं म्हणणं. दोन्ही रीती खऱ्या आहेत. पण दोघांचाही एकेक प्रश्न विचारायचा राहिला होता.

१९६३ साली, भात झोडून झाल्यावर, वाल्मीक दलालाकडून गिरणीचे शेअर विकायचा कागद आणि शाईची डबी घेऊन आला. शेअर हैबतरावाच्या नावावर, म्हणून त्याचा डावा अंगठा हवा होता. मी गावचा मास्तर, मला साक्षीला बोलावलं.

टपालाने येऊन पडलेला गिरणीचा छापील अहवाल मी वाचून दाखवला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं: जागा भाडेपट्ट्याची, मुदत येत्या जूनमध्ये संपते.

"खोटं हाय," हैबतराव म्हणाला. "पन्नास वरसं गिरणी हाय तितं. आमी कुळं हुतो, कसता कसता जमीन आमच्या नावावर झाली का न्हाई? मग गिरणीची कशी न्हाई?"

"कूळकायदा शेताला आहे, हैबतराव. गिरणीला नाही."

वाल्मीक दात पडलेल्या तोंडाने हसला. "दादा, दुसऱ्याचा बांध मोजत हिंडलास की रं!"

हैबतरावाने शाईची डबी त्याच्या तोंडावर फेकली. वाल्मीकने त्याला उताणा पाडला, छातीवर गुडघा रोवला आणि डावा हात पिरगाळून सांडलेल्या शाईकडे ओढला. हाड मोडल्याचा आवाज झाला. मोकळ्या हाताने हैबतरावाने भिंतीला टेकवलेला कोयता ओढला, तसा वाल्मीक उडी मारून मागे सरला. पण घाव त्याच्यावर नव्हता. हैबतरावाने स्वतःचा डावा अंगठा उंबऱ्यावर ठेवला आणि कोयता हाणला. अंगठा ओसरीवरच्या साळीच्या राशीत जाऊन पडला.

"लाव आता कुटं लावतुयास त्यो," म्हणाला आणि कोसळला.

वाल्मीकच्या सदऱ्यावर भावाचं रक्त उडालं होतं. "मास्तर, उजवा चालतुया का?"

त्याने बेशुद्ध भावाचा उजवा हात उचलला. एवढ्यात हैबतरावाची बायको सारजाबाई आतून मुसळ घेऊन धावत आली. पहिला तडाखा वाल्मीकच्या मनगटावर, दुसरा खांद्यावर.

"मेलेल्याचा अंगठा घेत्यात तसा घेतुयास व्हय रं, मुडद्या?"

वाल्मीक भिंतीशी कोलमडला. तिने लुगड्याची पट्टी फाडली, जखमेत हळद दाबली आणि नवऱ्याचा हात करकचून बांधला. बऱ्याच वेळाने हैबतरावाने डोळे उघडले.

"धनी," ती म्हणाली, "मास्तरांनी वाचलं ते खरं, का तुमची पावलं?"

हैबतरावाने उजवा हात स्वतःच पुढे केला. फरशीवर उरलेल्या शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर ठसा उमटवला. मग मी सही केली.

"आता आमच्या कारखान्याचं घेऊ," वाल्मीक लोंबतं मनगट धरून म्हणाला. "दोनशे सायकली हायेत, वैनी."

"भाव काय मागत्यात?"

"छापील धा रुपयांचा शेअर नव्वद रुपयांला."

"मंजी ह्या दोनशे सायकलींचं पैसं त्यांनी भावात आदीच धरल्यात. आनि पुढं येनाऱ्यांचंबी. मग अजून किती आल्या मंजी आपलं नव्वद फिटत्याल?"

वाल्मीकने ते कधी मोजलं नव्हतं.

"मोज आनि मग सांग. तवर पैका पोष्टात ऱ्हाईल." तिने मुसळ खाली ठेवलं नव्हतं. "आनि आदी बैलगाडी जुप. ह्यांना पौडाला दवाखान्यात न्यायचंय."

वाल्मीकने एका हाताने बैल सोडून आणले. जू उचलायला मी गेलो.