नैवेद्याचा साल्सा

रोसारिओबाईंनी वाडग्यात बोट बुडवून तोंडाकडे नेले आणि सविताने त्यांचे मनगटच धरले.

"आई!" चैत्राली ओरडली.

"अगं, उष्टं होईल ना! नैवेद्य व्हायचाय अजून."

रोसारिओबाई, म्हणजे मातेओची आई, मेक्सिकोहून खास सिंगापूरला, बिशानच्या या फ्लॅटमध्ये आल्या होत्या. मातेओशी लग्न करू का, या लेकीच्या प्रश्नाला सविताचे एकच उत्तर होते: "बघू." कीर्तनात बुवांनी पूर्वरंगच लांबवावा आणि आख्यानाला हात घालू नये, तसे हे "बघू" दिवाळीपासून चालले होते. शेवटी रोसारिओबाईंनीच निरोप धाडला, की साल्से मी करते, पोळ्या तुम्ही करा.

चैत्रालीने मातेओकरवी समजावल्यावर बाईंनी बोट निमूट ॲप्रनला पुसले.

ओट्यावर तीन वाडगी होती. पहिल्यात टोमॅटो, मिरची, कोथिंबीर बारीक चिरून वर लिंबू पिळलेले.

"कोशिंबीर," सविता म्हणाली.

"पिको दे गायो, आई. म्हणजे कोंबड्याची चोच."

सविताने वाडगे देव्हाऱ्यापासून लांब सरकवले.

"नुसतं नाव गं! आत कोंबडा नाहीये."

दुसऱ्यात लिटिल इंडियातून आणलेले हिरवे टोमॅटो कच्चेच वाटलेले. तिसऱ्यात लाल टोमॅटो नि मिरच्या दगडी खलात ओबडधोबड ठेचलेल्या.

"ही चटणी, हा ठेचा. आख्यान एकच, बुवा तीन."

चैत्रालीने हे इंग्रजीत सांगितले, मातेओने स्पॅनिशमध्ये. रोसारिओबाई उसळल्याच. चिरलेल्याला पाणी सुटता कामा नये, वाटलेले ओघळले पाहिजे, ठेचलेले दाताखाली आले पाहिजे. तिन्ही एकच म्हणणाऱ्याने जेवायलाच बसू नये!

बाई बोलत होत्या अगदी रंगून. सविताला हसू फुटत होते, म्हणून ती पाठ फिरवून पोळी लाटू लागली.

मग बाईंनी चिरलेला कांदा उचलला आणि सविताचे लाटणे थांबले. कांदा पडला की ते देवापुढे कसे ठेवायचे? पण पाहुणीला अडवायचे तरी किती? रोसारिओबाईंनी थांबलेल्या लाटण्याकडे पाहिले, मग देव्हाऱ्याकडे, मग हातातल्या कांद्याकडे.

"नो?"

सविताने हळूच मान हलवली.

बाईंनी तीन वाट्या मागून घेतल्या, तिन्ही वाडग्यांतले थोडे थोडे त्यांत काढून ठेवले आणि मगच कांदा घातला. नैवेद्य दाखवून सविताने डोळे उघडले, तेव्हा शेजारी बाई छातीवर क्रूस काढत होत्या.

सगळे जेवायला बसले. मातेओ "व्हेरी फ्रेश" म्हणाला आणि घटाघटा पाणी प्यायला. सविताचे यजमान हेमचंद्र पोळी चघळत छताकडे बघत राहिले. रोसारिओबाईंनी घास घेतला मात्र, त्यांचा चेहराच उतरला. चव घेतल्याशिवाय त्या मीठ घालत नसत, आणि चव तर त्यांना घेऊच दिली नव्हती.

"अगंबाई, आळणी!" सविता तोंडाला पदर लावून हसू लागली. हसता हसता तिने बाईंचा हात धरला. "देवानं गोड मानून घेतलं असेल हो, आपलं काय? चैत्राली, विहीणबाईंना मीठ दे."

चैत्राली जागची हलेना. तुझी आई काय म्हणाली, म्हणून मातेओ तिला इंग्रजीत विचारत होता.

"अगं, बघतेस काय? मीठ!"