मला दोनच दिवे आहेत

मेंढ्यांची लोकर कापायची कातर.

बारा व्होल्ट.

एका काडीला दोरा गुंडाळलेला चष्मा.

न्हावरा फाट्यावर थांबलेली कंपनीची बस.

‘दिसत न्हाई का बाई तुम्हाला?’

मित्रांनो, हे तुकडे माझेच आहेत. मी एक जुना टेस्ट बेंच आहे. दौंडच्या तुमच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या खिडकीखाली मी असतो आणि तुम्ही माझ्यावर दप्तरं ठेवता. ठेवा. पण मी पूर्वी काय होतो, तेही ऐका.

दोन हजार एक साली पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये मला बनवलं. लोखंडी चौकट, वर जाड फळी, फळीत एक खाच. ती खाच म्हणजे माझं तोंड. तोंडात स्प्रिंगवर बसवलेल्या बारीक पिना. टेम्पोत घालून मला शिरूरजवळच्या एका कारखान्यात नेलं. तिथे गाड्यांचे कंट्रोल मॉड्यूल बनत. मॉड्यूल म्हणजे तळहातावर मावणारी काळी डबी. इंजिनाला कधी, किती डिझेल द्यायचं, हे ती ठरवते. गाडीत बसण्याआधी प्रत्येक डबी माझ्या तोंडात यायची. दांडा खाली ओढला की माझ्या पिना तिच्या पायांना टेकायच्या आणि बारा व्होल्टची वीज सोडायच्या. सगळं जुळलं तर हिरवा दिवा. नाही तर लाल.

मला तेवढंच बोलता येतं.

हिरवा.

माझा दांडा ओढायची म्हाळसा. मांडवगण फराट्याची पोर. तिचे आजोबा मेंढरांमागे रानोमाळ फिरले, वडील तात्याबा शेतीत स्थिरावले आणि ही घराण्यातली कारखान्यात आलेली पहिली. ती ट्रायलवर होती. ट्रायल नीट पार पडली तर कायमची नोकरी. रोज सकाळी ती माझ्या तोंडावर हलकेच फुंकर मारून धूळ उडवायची. लहान बाळाच्या डोळ्यात फुंकतात तशी.

शेजारी बसायच्या केडगावच्या शेवंताबाई. डबीचे पाय त्या हाताने सोल्डर करत, म्हणजे वितळलेल्या कथलाने जोडत. दोरा गुंडाळलेला चष्मा त्यांचाच. म्हाळसाची घाई बघून म्हणायच्या, “मेंढरं हाकल्यावानी डब्या हाकतीस. जरा दमानं.”

“तुमच्याच डब्या मागं राहत्यात मावशी, मी काय करू?”

दोघी हसायच्या. मी हिरवा पेटायचो.

हिरवा. हिरवा.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा झाली. बाकीच्यांनी चौकटींना हळदीकुंकवाची बोटं लावली. म्हाळसाच्या घरी मात्र कुंकू कातरीच्या पात्याला लावतात. अवजार ज्या अंगाने काम करतं, मान त्या अंगाचा. तिने कुंकू पाण्यात कालवलं आणि माझ्या तोंडाला लावलं. इतक्या मायेने मला कोणी कधी हात लावला नव्हता.

ते कुंकू स्प्रिंगमध्ये उतरलं आणि वाळलं. एक पिन अडकली.

लाल. लाल. हिरवा. लाल.

दसऱ्यानंतर हे सुरू झालं. नापास डबी पुन्हा तपासायची तीही माझ्यावरच, कारण दुसरा बेंच नव्हता. पुन्हा लाल. दरवेळी एकाच पायात दोष दिसे आणि तो पाय शेवंताबाईंच्या हातचा. दुरुस्तीवाल्याने माझ्या वायरी तपासल्या, पण तोंडाला हात लावला नाही. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं.

सुपरवायझर नवनाथ वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. “दिसत न्हाई का बाई तुम्हाला?” असं तो बोलून गेला. सोमवारपासून त्यांनी झाडू घ्यावा असं ठरलं. झाडूवरच्या बायका तिथे फार टिकत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवंताबाईंनी सोल्डरिंग आयर्नची वायर नीट गुंडाळली आणि खणात ठेवली.

शनिवारी म्हाळसाने एक नापास डबी उचलली. एका पायाच्या टोकाला लाल ठिपका होता. तिने तो बोटावर घेतला आणि बघत राहिली.

गुपचूप माझं तोंड पुसलं असतं तरी चाललं असतं. सोमवारी सगळ्या डब्या हिरव्या झाल्या असत्या. लोक म्हणाले असते, बघा, बाईंना उठवलं आणि काम सुधारलं. म्हाळसाची ट्रायल संपतच आली होती.

ती उठून नवनाथकडे गेली.

“साहेब, मावशीच्या डब्या चांगल्या हायेत. बेंचाच्या तोंडात माझं कुंकू गेलंय.”

“तोंडात? तोंडात कोण कुंकू लावतं?”

“आमच्यात लावत्यात.”

नवनाथने कापूस आणि स्पिरिट आणलं. माझ्याजवळ आला आणि त्याचाच हात थांबला. “तूच पूस,” म्हणाला. म्हाळसाने मला आधी हात जोडले, मग पुसलं. नंतर लाल ट्रेमधली एकेक डबी माझ्या तोंडात आली.

हिरवा. हिरवा. हिरवा. हिरवा.

शेवंताबाई आपल्या जागेवर परतल्या. म्हाळसाची ट्रायल पुन्हा पहिल्यापासून धरली गेली. त्या दिवशी कंपनीची बस न्हावरा फाट्यावर थांबली, तेव्हा शेवंताबाई तिला हळूच म्हणाल्या, “येडे, गप ऱ्हायची हुतीस. माझं काय, वय झालंच हाय.”

म्हाळसा नंतर कायम झाली. पुढे संगणकाचा नवा बेंच आला. तो नापासाचं कारणही छापून देतो म्हणे. मी गोदामात गेलो, कोपऱ्यात गंजलो आणि मग तुमच्याकडे आलो.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. यंत्राने लाल दिवा दाखवला, तर शेजारच्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी यंत्राचं तोंड एकदा बघा. आम्ही खोटं बोलत नाही, पण आम्हाला फार थोडं कळतं. आणि कधी वेळ मिळाला तर माझ्या पिनांवर फुंकर मारा. दिवा लागणार नाही. तरी मारा.

खंडेनवमीला म्हाळसा माझ्या तोंडाला कुंकू लावत होती, तेव्हा ताट शेवंताबाईंनी धरलं होतं. त्यांना सगळं दिसत होतं.